पेशी ताणण्याआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गाइडनी विषय दिला, ताणल्यावर हृदयाच्या पेशी काय करतात, आणि तू लगेच पेपरांचा गठ्ठा काढून बसलीस. तो जरा बाजूला ठेव. आधी एक ठरव: ताण दिल्यावर किती वेळाने बघणार आहेस? एकाच पेशीचं उत्तर पुढच्या ठोक्याला एक असतं, दहा मिनिटांनी दुसरं आणि दोन दिवसांनी तिसरंच.

पहिलं तुला पाठ आहे. ऑटो फ्रँकने 1895 मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं, पुढे स्टार्लिंगने कुत्र्याच्या: हृदय जास्त भरलं की ठोका जोरात पडतो. सार्कोमिअर, म्हणजे स्नायुतंतूतला आखडणारा सर्वांत छोटा तुकडा, साधारण 1.8 वरून 2.2 मायक्रॉनकडे लांबला की तेवढ्याच कॅल्शियमवर तंतू जास्त जोर काढतात. परीक्षेत एवढ्यावर भागतं. पण स्नायू त्याच लांबीला धरून ठेवला तर पुढची काही मिनिटं जोर चढतच राहतो, आणि हा चढ मात्र कॅल्शियम वाढल्यामुळे असतो. 1982 मध्ये ॲलन आणि कुरिहारा यांनी जेलीफिशमधलं, कॅल्शियम भेटलं की उजेड देणारं प्रथिन पेशींत टोचून ते पकडलं. ताणल्याबरोबर जोर वाढला, पण उजेड होता तेवढाच. मग हळूहळू तोही वाढत गेला. हा पेपर मुळातून वाच. आकृत्यांवर बोट ठेवून वाच.

तिसरं उत्तर वाढीचं. दाबाविरुद्ध झगडणाऱ्या हृदयात पेशी जाड होतात, जास्त रक्त सोसणाऱ्या हृदयात लांब. आपल्या बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यात तू कुस्त्या बघितल्या आहेस, म्हणून सांगते. 1975 मध्ये मॉर्गनरॉथ आणि सहकाऱ्यांनी खेळाडूंचे इको काढले, तेव्हा पैलवानांच्या हृदयाची भिंत जाड दिसली आणि धावपटूंची पोकळी मोठी. पुढच्या अभ्यासांत ही वाटणी इतकी सरळ राहिली नाही, तरी परीक्षक विचारतातच.

आता टेबलावरचं. तुमच्या कल्चर रूममध्ये मीडियममध्ये, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात, पेन-स्ट्रेप पडत असणार, पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही जंतू मारणारी जोडी. सगळीकडे पडतं, कुणी विचारही करत नाही. पण त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन ताणाने उघडणारे आयनमार्ग, म्हणजे पेशीच्या आवरणातली आयनांची दारं, बंद करतं. तू दार उघडण्याची वाट बघत बसायची आणि कुलूप आपणच घातलेलं! निदान आदल्या दिवसापासून ते काढून टाक, एकटं पेनिसिलिन ठेव, आणि हुडमध्ये, त्या निर्जंतुक हवेच्या कपाटात, हात सांभाळून चालव. शिवाय काही डिशमध्ये मुद्दाम स्ट्रेप्टोमायसिन घाल. तिथे उत्तर दबलं तर तुझ्या हाती काहीतरी लागलं.

रॅटच्या पिल्लांच्या पेशी वापरणार असशील तर फायब्रोब्लास्ट, म्हणजे हृदयातल्या जोडऊतीच्या पेशी, आधी बाजूला काढ. ते डिशला लवकर चिकटतात, म्हणून तासभर साध्या डिशमध्ये ठेवून वरचं द्रव उचलायचं. तरी थोडे राहतातच, आणि ताणाला तेही उत्तर देतात. किती राहिले ते रंगवून मोज, नाहीतर त्यांचं उत्तर हृदयपेशींच्या नावावर जाईल.

पेशी ताणायचं यंत्र विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणतेस. नको घेऊस. आपल्या उद्यमबागेत हायड्रॉलिकचे पार्ट बारीक मापात कापणारे कारखाने आहेत, त्यांना दोन क्लँप आणि एक सरकती पट्टी म्हणजे काय मोठं काम? मात्र मिस्त्रीला तोंडी सांगू नकोस, मराठीत नको नि कानडीतही नको. कागदावर मिलिमीटरमध्ये मापं टाकून दे. स्टेपर मोटर इन्क्युबेटरच्या बाहेर राहू दे. आतली वाफ तिला टिकू देणार नाही, आणि तिची उष्णता पेशींना.

पेशी ज्यावर वाढवशील तो सिलिकॉनचा पडदा 10 टक्के ओढला म्हणजे पेशी 10 टक्के ताणली, असं समजू नकोस. क्लँपजवळ ताण वेगळा, मधोमध वेगळा, आणि एका दिशेने ओढलास की पडदा आडवा आखडतो. पेशी ओढीच्या दिशेने पसरली आहे की तिला आडवी, यावरही उत्तर बदलतं. पेशी टाकण्याआधी पडद्यावर बारीक ठिपके मार, ओढण्याआधी आणि नंतर फोटो काढ, अंतरं मोज. कंट्रोलही, म्हणजे तुलनेसाठी न ताणलेल्या पेशींचा नमुनाही, त्याच पडद्यावरचा हवा, प्लॅस्टिकच्या डिशमधला नको. आणखी एक डिश नुसतीच हलव, न ताणता, कारण मीडियम हिंदकळल्यानेही पेशींवर जोर येतो.

आईला नमस्कार सांग. ड्रॉइंग झालं की मिस्त्रीकडे जाण्याआधी मला पाठव, क्लँपच्या कडा गोल केल्यास का ते बघायचं आहे. धारदार राहिल्या तर पडदा तिथेच फाटतो.

तुझी,
बाई