यंत्रातली राइड संकेतस्थळावर चढवताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळा ओसरून लांब पल्ल्याच्या राइड्सचा हंगाम सुरू झाला, की हातात धरायच्या जीपीएस यंत्रातली नोंद स्ट्राव्हा, राइड विथ जीपीएस किंवा गार्मिन कनेक्ट या राइड नोंदवण्याच्या संकेतस्थळांवर कशी चढवायची, हे विचारणारी पत्रे वाढतात. सायकलसाठी खास बनवलेले नवे संगणक फोनमार्फत राइड आपोआप पाठवून देतात, हे खरे. पण दोन पेन्सिल सेलवर सुमारे पंचवीस तास चालणारे आणि सेल संपले तर रस्त्यावरच्या टपरीवरून घेऊन पुन्हा सुरू करता येणारे गार्मिनच्या ईट्रेक्ससारखे यंत्र बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करणाऱ्या अनेकांना सोडवत नाही. त्यातून आलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे जुने ईट्रेक्स व्हिस्टा एचसीएक्स आहे. दोनशे किलोमीटरची बीआरएम संपल्यावर मी ट्रॅक (गेलेल्या वाटेची नोंद) यंत्रात ‘सेव्ह’ केला आणि घरी येऊन त्याची जीपीएक्स फाइल (वाटेतल्या बिंदूंची यादी असलेली फाइल) काढली. स्ट्राव्हा मात्र फाइलमध्ये वेळेची माहिती नसल्याचे सांगून ती नाकारते. अंतरही दोनशेपेक्षा बरेच कमी दिसते. फाइल खराब झाली आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : फाइल खराब झालेली नाही, ती अपुरी आहे, आणि तसे होण्याचे कारण ‘सेव्ह’ या आज्ञेतच आहे. आपल्या यंत्राच्या पिढीत दोन प्रकारच्या नोंदी असतात. चालता चालता होणारी नोंद, म्हणजे ‘ॲक्टिव्ह लॉग’, दहा हजार बिंदूंपर्यंत वाढते आणि तिच्यातल्या प्रत्येक बिंदूला अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ अशी चारही अंगे असतात. आपण ‘सेव्ह’ म्हणता तेव्हा यंत्र जागा वाचवण्यासाठी हीच नोंद जास्तीत जास्त पाचशे बिंदूंत आटवते आणि वेळ काढून टाकते. दोनशे किलोमीटरला पाचशे बिंदू म्हणजे सरासरी दर चारशे मीटरला एक बिंदू. वाईहून पाचगणीकडे पसरणी घाट चढताना तेवढ्या अंतरात रस्ता किती वळतो ते आठवा. ती वळणे सरळ रेषेने कापली गेली, की अंतर घटते.

आपण चालू नोंद पुसली नसेल, तर अजून काहीच बिघडलेले नाही. यंत्र संगणकाला जोडून बेसकँप किंवा जीपीएसबेबल या मोफत प्रोग्रॅमने यंत्रातील सर्व ट्रॅक वाचावेत. त्यात ‘ॲक्टिव्ह लॉग’ या नावाने आलेला ट्रॅक घ्यावा, तोच वेगळा जतन करावा आणि अपलोड करावा. नोंद पुसली असेल, पण यंत्रात मायक्रोएसडी कार्ड असेल आणि ट्रॅकच्या सेटिंगमध्ये कार्डावर नोंद करण्याचा पर्याय सुरू असेल, तर कार्डावर त्या दिवसाच्या तारखेच्या नावाची एक जीपीएक्स फाइल सापडेल. तिच्यातली वेळ शाबूत असते. तो पर्याय सुरू नसेल, तर आजच सुरू करावा. ‘सेव्ह’ची सवय मोडण्यापेक्षा हे सोपे आहे.

यांपैकी काहीच हाती लागले नाही, तर जीपीएसबेबलच्या ट्रॅक फिल्टरने बिंदूंना ठरावीक अंतराने खोटी वेळ देता येते, आणि अशी वेळ दिलेली फाइल संकेतस्थळे स्वीकारतात. आमचे मत असे, की हे करू नये. त्या फाइलमधला प्रत्येक वेग कल्पित असतो आणि तरीही तो घाटाच्या सेगमेंटवर, म्हणजे सगळ्यांच्या वेळांची तुलना होणाऱ्या रस्त्याच्या तुकड्यावर, इतरांच्या खऱ्या वेळांशेजारी जाऊन बसतो. त्याऐवजी स्ट्राव्हावर तारीख, अंतर आणि लागलेला वेळ हाताने लिहून राइड नोंदवावी. आपली बीआरएम साडेतेरा तासांत पूर्ण झाली याचा पुरावा वाटेतल्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, शिक्के मारलेले ब्रेव्हे कार्ड आहे. त्यासाठी नकाशावरच्या रेषेची गरज नाही.

प्रश्न : ईट्रेक्स ३० वर चारशे किलोमीटरची राइड नोंदवली. यंत्राच्या फोल्डरमध्ये एका राइडच्या दोन फाइली झाल्या आहेत, आणि ‘करंट’ नावाच्या तिसऱ्या फाइलमध्ये परतीचा बसप्रवासही आला आहे. यांतली कोणती अपलोड करावी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आहे त्या स्थितीत एकही नाही. या यंत्रात गार्मिन फोल्डरच्या आत जीपीएक्स फोल्डर असतो. त्यातल्या ‘करंट’ या उपफोल्डरमध्ये चालू नोंद आणि ‘अर्काइव्ह’ या उपफोल्डरमध्ये बंद झालेल्या नोंदी राहतात. आपल्या यंत्रात आपोआप जतन करण्याचा पर्याय ‘दररोज’ असा निवडलेला दिसतो. अशा वेळी तारीख बदलली, की यंत्र जुनी नोंद अर्काइव्हमध्ये टाकून नवी सुरू करते. चारशे किलोमीटरसाठी सत्तावीस तासांची मुदत असते, त्यामुळे ही राइड मध्यरात्र ओलांडणारच, आणि पहाटे फिरून येणाऱ्याला कधीही न जाणवणारी ही सेटिंग इथे आडवी येते. ‘दररोज’ऐवजी ‘भरल्यावर’ हा पर्याय निवडला, तर दहा हजार बिंदू होईपर्यंत नोंद तुटत नाही. मात्र दर सेकंदाला एक बिंदू अशी नोंद ठेवली असेल, तर दहा हजार बिंदू पावणेतीन तासांतच भरतात; म्हणून लांब राइडसाठी बिंदू नोंदवण्याचा ‘ऑटो’ हा पर्याय ठेवावा.

झालेल्या राइडसाठी आधी तिन्ही फाइलींची प्रत संगणकावर एका बाजूला ठेवावी आणि पुढचे सगळे काम दुसऱ्या प्रतीवर करावे. बेसकँपमध्ये ट्रॅकवर दोनदा क्लिक केले, की बिंदूंची यादी उघडते. प्रत्येक ओळीत वेळ, त्या टप्प्याचे अंतर आणि वेग दिलेला असतो. यादी खाली सरकवत गेल्यास बसची जागा लपत नाही. रात्रभर १८, २२, १५ असे चाललेले आकडे शेवटच्या कंट्रोलवर बराच वेळ शून्याजवळ थांबतात आणि मग एकाएकी ५५, ६० होतात. शून्याच्या त्या पट्ट्यात ट्रॅक तोडावा आणि पुढचा भाग टाकून द्यावा. मग उरलेले तुकडे वेळेच्या क्रमाने जोडून एकच फाइल करावी. जोडण्याचे काम जीपीएसबेबलचे ट्रॅक फिल्टरही करते. स्ट्राव्हावर चढवून झाल्यावरही राइडची शेपटी छाटता येते, पण तोपर्यंत बसने जिंकलेले दोन-चार सेगमेंट इतरांच्या नजरेस पडलेले असतात.

प्रश्न : बऱ्याच वर्षांपूर्वी घेतलेले यंत्र कपाटातून काढून वापरले. रविवार, १५ डिसेंबर २०२४ ची राइड संकेतस्थळावर १ मे २००५ या तारखेला दिसते. वेग आणि अंतर बरोबर आहे. यंत्राचे घड्याळ कुठे लावायचे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ते घड्याळ आपल्याला लावता येत नाही, कारण तारीख उपग्रहांकडून येते. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याच्या क्रमांकासाठी दहाच बिट ठेवलेले आहेत. म्हणजे क्रमांक ० ते १०२३ पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. असे ऑगस्ट १९९९ मध्ये पहिल्यांदा आणि ६ एप्रिल २०१९ च्या रात्री दुसऱ्यांदा घडले. आपण कितव्या फेऱ्यात आहोत हे यंत्राच्या फर्मवेअरला, म्हणजे यंत्रातच भरलेल्या प्रोग्रॅमला, स्वतःच ओळखावे लागते. जुन्या फर्मवेअरला ते जमत नाही आणि तारीख बरोबर १०२४ आठवड्यांनी, म्हणजे ७१६८ दिवसांनी, मागे जाते. पूर्ण आठवडेच मागे गेल्यामुळे वार मात्र चुकत नाही; १ मे २००५ लाही रविवारच होता. काही यंत्रे २०१९ नंतरही काही काळ नीट चालून मग अचानक अशी मागे जातात, कारण त्यांच्या फर्मवेअरने मोजणीचा आरंभ वेगळ्या तारखेपासून धरलेला असतो.

उत्पादकाने नवे फर्मवेअर दिले असेल, तर ते घालावे. नसेल, तर जीपीएसबेबलच्या ट्रॅक फिल्टरमधील वेळ सरकवण्याच्या पर्यायात ७१६८ दिवस पुढे असे द्यावे. सगळे बिंदू एकाच वेळी योग्य तारखेला येतात. हे खोटी वेळ देण्यासारखे नाही, कारण दोन बिंदूंमधले वेळेचे अंतर एका सेकंदानेही बदलत नाही.

याच संदर्भात एक भीती दूर करतो. जीपीएक्स फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, तर सकाळी सव्वासहाची वेळ ००:४५ अशी दिसते आणि पहाटे साडेचारला सुरू केलेल्या राइडवर आदल्या दिवसाची तारीख असते. फाइलमधली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्याहून साडेपाच तास मागे. संकेतस्थळ ती स्थानिक वेळेत बदलून घेते, तेव्हा तिला हात लावू नये.

प्रश्न : पुणे ते महाबळेश्वर राइडची एकूण चढाई माझ्या ईट्रेक्स ३० वर एक, स्ट्राव्हावर दुसरी आणि राइड विथ जीपीएसवर तिसरी दिसते. फरक तीन-चारशे मीटरचा आहे. कोणता आकडा खरा मानावा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अंतर आणि वेळ या मोजलेल्या गोष्टी आहेत, एकूण चढाई हा हिशेब आहे, आणि प्रत्येकाची हिशेबाची रीत निराळी आहे. ईट्रेक्स ३० मध्ये हवेच्या दाबावरून उंची काढणारा बॅरोमीटर आहे, जो ईट्रेक्स २० मध्ये नाही. दाबात एक हेक्टोपास्कल फरक म्हणजे साधारण साडेआठ मीटर उंची. छोटे चढउतार टिपण्यात हे साधन उपग्रहांवरून काढलेल्या उंचीपेक्षा पुष्कळ चांगले. पण दुपारी वादळी हवा झाली, तर आपण टपरीवर बसलेले असतानाही यंत्र चढत किंवा उतरत राहते. पावसात त्याच्या बारीक छिद्रात पाणी अडकले किंवा यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळले, तरी आकडे बिघडतात. आपल्याकडे पावसात पिशवी बांधण्याची पद्धत सर्रास आहे. हे यंत्र पाण्यापासून मुळातच सुरक्षित असल्याने तिची गरज नसते.

दुसरी रीत नकाशाची. फाइलमधली उंची बाजूला ठेवून, प्रत्येक बिंदूच्या अक्षांश-रेखांशावर जमीन किती उंच आहे हे संकेतस्थळ आपल्या साठ्यातून पाहते. अशा साठ्यांपैकी एक प्रसिद्ध साठा फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानावरील रडारने केलेल्या मोजणीचा आहे. त्यात जमीन सुमारे तीस मीटरच्या चौकटींत विभागलेली आहे. सपाटीवर हे चालून जाते. सह्याद्रीच्या घाटात मात्र रस्ता कड्याच्या पोटातून कोरलेला असतो; ट्रॅक दहा-पंधरा मीटर बाजूला सरकला, की एक बिंदू कड्यावर आणि पुढचा दरीत पडतो, आणि सपाट तुकड्यावरही चढाईची बेरीज वाढत जाते. बोगद्यात तर गंमतच होते. नकाशाला बोगदा दिसत नाही, म्हणून तो आपल्याला डोंगराच्या माथ्यावरून नेतो आणि त्या चढाईचे श्रेयही देतो.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. फाइलवर ती कोणत्या यंत्राने तयार केली याचे नाव असते, आणि बॅरोमीटर असलेल्या यंत्राचे नाव ओळखले तर स्ट्राव्हा त्याचीच उंची ग्राह्य धरते. तीच फाइल एखाद्या प्रोग्रॅममध्ये उघडून पुन्हा जतन केली, की यंत्राच्या नावाच्या जागी त्या प्रोग्रॅमचे नाव येते आणि स्ट्राव्हा नकाशाच्या उंचीकडे वळते. एकच राइड दोनदा चढवून दोन आकडे मिळाल्याच्या तक्रारींमागे अनेकदा हेच असते. तेव्हा काटछाट करायची नसेल, तर अर्काइव्हमधली फाइल न उघडता थेट अपलोड करावी. हवामान स्थिर असलेल्या दिवशीचा बॅरोमीटरचा आकडा आम्ही सर्वांत विश्वासार्ह मानू. एकाच घाटाच्या दोन राइडची तुलना करायची असेल, तर दोन्ही वेळा एकाच रीतीचा आकडा घ्यावा.

प्रश्न : यंत्र संगणकाला जोडले, तर ते चालू होते, पण संगणकावर दिसत नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी केबल बदलून पाहावी. मिनी यूएसबीच्या कितीतरी केबलींत फक्त वीज वाहणाऱ्या तारा असतात. केबल चांगली असेल, तर यंत्राच्या सिस्टिम सेटिंगमध्ये इंटरफेस ‘गार्मिन स्पॅनर’ असा आहे का ते पाहावे; तसा असेल, तर जोडल्यावर यंत्र मास स्टोरेजमध्ये (संगणकाला ड्राइव्ह म्हणून दिसण्याच्या स्थितीत) जायचे का असे विचारते, त्याला ‘हो’ म्हणावे. काम झाल्यावर ड्राइव्ह संगणकातून रीतसर बाहेर काढूनच केबल उपटावी.

प्रश्न : राइड सार्वजनिक केली, की माझ्या घराचा पत्ता सगळ्यांना कळतो का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : रोज एकाच दारातून निघणारी रेषा पाहणाऱ्याला तो सहज कळतो. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या जागतिक नकाशावर अनेक देशांचे लष्करी तळ सैनिकांच्या धावण्याच्या रेषांवरून ओळखता आले होते, तेव्हा एका घराची काय कथा. स्ट्राव्हावर राइडचा आरंभ आणि शेवट काही अंतरापर्यंत, म्हणजे १६०० मीटरपर्यंत, इतरांपासून लपवता येतो. ही सेटिंग पहिली राइड चढवण्यापूर्वीच करावी. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर ट्रॅक देणाऱ्यांनी तो खासगी, सार्वजनिक, की आपली ओळख दाखवणारा ठेवायचा, हे अपलोड करतानाच निवडावे; तिथे वेळ नसलेले बिंदू दुर्लक्षिले जातात, हेही ध्यानात असू द्यावे. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे यंत्र घराच्या दारात सुरू न करता पुढच्या चौकात सुरू करणे. राइडमधला अर्धा किलोमीटर त्यात कमी होतो, एवढेच.