गुलाबी केक खाकी का झाला?

नमस्कार ताई, माझी नात सहा वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिला सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन आतड्यांना न सोसण्याचा आजार, असल्याचं निदान झालं, तेव्हापासून तिच्यासाठी गहू बंद. त्यातच आमचे जावई गेल्या वर्षी व्हीगन झाले. दूध नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. जावयाच्या वरणभातावर तूप वाढायचं नाही हे माझ्या अजून पचनी पडलेलं नाही, पण असो. पुढच्या महिन्यात नातीचा वाढदिवस. तिला गुलाबी केक हवाय आणि मुलीचं म्हणणं, बाटलीतला रंग नको. मी नाचणीचं पीठ, गूळ, नारळाचं दूध, बिटाचा रस आणि चमचाभर खायचा सोडा घालून एकदा करून पाहिला. डब्यात ओतताना पीठ असं राणी रंगाचं दिसत होतं की बघत राहावं! ओव्हनमधून निघाला तो बेस्टच्या कंडक्टरच्या युनिफॉर्मसारखा खाकी. सुरी लावली तर नुसता भुगा. माझं काय चुकलं?
— एक आजी, भांडुप

आजी, बिटाचं आणि सोड्याचं वैर आहे. मी गिरगावातल्या एका शाळेत 31 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. प्रयोगशाळेतला लिटमस संपला की घरून बिटाचा रस नेत असे. तुम्हीही करून बघा. दोन वाट्यांत थोडाथोडा रस घ्या. एकीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर सोडा टाका. लिंबाची वाटी टवटवीत लालच राहील. सोड्याची आधी जांभळट होईल आणि उकळलीत की पिवळट-तपकिरी. तुमच्या ओव्हनमध्ये हीच दुसरी वाटी उकळत होती. बिटाच्या रंगाला आंबट मानवतं, सोडा अजिबात नाही. उष्णतेनंही तो थोडा उडतोच, पण आंबटाच्या सोबतीनं बराच तग धरतो.

त्यात नाचणी मुळात तपकिरी, गूळही तपकिरी. नाचणीवर माझा राग नाही. 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देणारं दुसरं धान्य आपल्या फडताळात नाही. पण नाचणी आणि गुलाबी यांचं जमायचं नाही. तिला कोकोबरोबर चॉकलेट केकमध्ये घाला, तिथे ती मिरवते. या केकला पांढरी ज्वारी आणि तांदूळ घ्या, आणि गुळाऐवजी साखर. हो, साखरच. थोडी कमी घ्या, पण गुलाबी हवं असेल तर गूळ नको.

आता जे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला रंगापेक्षा महत्त्वाचं वाटतं, ते. ज्वारी कुठे दळणार? नाक्यावरच्या गिरणीत असेल तर तो केक नातीसाठी नाही. गिरणीवाल्याला ‘ज्वारीवर ज्वारी दळ’ म्हटलं तरी सकाळपासून त्या जात्यातून गहूच गेलेला असतो आणि हवेतसुद्धा गव्हाचंच पीठ उडत असतं. आपल्याकडच्या नियमानं ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. 20 मिलिग्रॅम म्हणजे नखावर मावेल एवढं. भाजल्यानं ते नाहीसं होत नाही. ‘एवढ्याशानं काय होतंय’ हे आपल्या पिढीचं लाडकं वाक्य सिलिअ‍ॅकच्या मुलापुढे बोलूच नये. तेव्हा ज्या घरघंटीत कधीच गहू गेला नाही ती घ्या, नाहीतर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं बंद पाकीट. क्रॉफर्ड मार्केटला केकचं सामान आणायला गेलात तर सुटं काही घेऊ नका, कारण एकाच पावड्यानं मैदाही काढतात आणि कोकोही. बेकिंग पावडरीच्या डब्यावरचे घटक वाचा, तिच्यातला स्टार्च मक्याचा हवा. चाळणी नवी घ्या. जुन्या चाळणीच्या जाळीतला मैदा कितीही धुतलात तरी निघत नाही. आणि हातानं सवयीनं होणारी एक चूक टाळा: डब्याला आतून मैदा भुरभुरायचा नाही. तेल लावून तांदळाचं पीठ भुरभुरा.

भुगा झाला तो ग्लुटेन नसल्यामुळे. गव्हात पीठ धरून ठेवायचं काम ते करतं. ते गेलं की दुसरं कुणी तरी धरायला हवं, आणि ते आपल्या औषधांच्या डब्यातच आहे: इसबगोल. पाणी प्यायलं की त्याचं बुळबुळीत जाळं होतं आणि पीठ त्यात बसतं. केक गरम असताना कापलात, हेही कारण असणार. तांदूळ-ज्वारीचा केक पुरता गार झाल्याशिवाय आतून आवळत नाही. दीड तास थांबायचं. नातवंडं नाचली तरी.

वजनकाटा काढा, वाटी-चमच्याचा अंदाज इथे दगा देतो. ज्वारीचं पीठ 80 ग्रॅम, तांदळाचं 70, साबुदाणा कोरडाच मिक्सरवर फिरवून केलेलं पीठ 30, काजूची पूड 30 ग्रॅम. यात सपाट दोन छोटे चमचे इसबगोल आणि चिमूटभर मीठ. एक मध्यम बीट, साधारण 100 ग्रॅम, कच्चंच सोलून किसा आणि 200 मिलिलिटर नारळाच्या दुधात गंधासारखं वाटा. गाळायचं नाही. त्यात 100 ग्रॅम साखर आणि 60 मिलिलिटर वास नसलेलं तेल. ओलं-कोरडं एकत्र करून वीस मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे ज्वारी आणि इसबगोल पाणी ओढून घेतील. मग दोन छोटे चमचे बेकिंग पावडर आणि अगदी शेवटी एका मोठ्या लिंबाचा रस. सोडा नाही! पीठ इडलीच्या पिठाइतपत सैल हवं. घट्ट वाटलं तर नारळाचं दूध वाढवा. सहा-सात इंची डब्यात ओतून आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये 160 अंशांवर 40 ते 45 मिनिटं. पंधरा मिनिटांनी वरचा थर धरला की अ‍ॅल्युमिनियमची फॉइल झाका, नाहीतर वरून करपटेल.

दुसरी वाट मोदकपात्राची. पस्तीस मिनिटं वाफवा, झाकणाला फडकं बांधा म्हणजे पाणी ठिबकणार नाही. वाफेत वरचा थर भाजला जात नाही, त्यामुळे रंग ओव्हनपेक्षा चांगला राहतो. मला स्वतःला हीच पद्धत आवडते.

तरीही सांगून ठेवते, आतला केक फिकट गुलाबी होईल, राणी रंगाचा नाही. राणी रंग हवा तर तो भाजायचाच कशाला? वर लावा. 100 ग्रॅम काजू चार तास भिजवून, तीन-चार मोठे चमचे घट्ट नारळाचं दूध आणि तीन चमचे घरी दळलेली पिठीसाखर घालून लोण्यासारखं वाटा. मग दोन छोटे चमचे कच्च्या बिटाचा रस, लिंबाचे पाच-सहा थेंब आणि बिटाचा मातकट वास झाकायला थोडं गुलाबपाणी. विस्तव लागतच नाही, त्यामुळे तो रंग जसाच्या तसा. मेणबत्ती लावेपर्यंत फ्रिजमध्येच ठेवा, मुंबईच्या उकाड्यात तासाभरात ओघळू लागतं. आणि दुसऱ्या दिवशी पोरांची शू गुलाबी दिसली तर मुलीला डॉक्टरकडे धावायला लावू नका. ते बीटच असतं.

लिंबाऐवजी कोकम घालून बघायचा मोह मलाही झाला होता. घाईत सरबताच्या बाटलीऐवजी आगळाची उचलली. रंग काय सुरेख आला होता! पण आगळात मीठ असतं. सोसायटीच्या हळदीकुंकवाला मी खारट केक वाढला आणि सगळ्याजणींनी तो संपवला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

ताई, आम्ही मैदा सोडलाय, रव्याचा केक करतो. तो ग्लुटेन-फ्रीच ना?
— एक वाचक, बोरिवली

नाही. रवा गव्हाचाच. दलिया आणि शेवयाही सहसा गव्हाच्याच. तांदळाचा रवा, वरी, राजगिरा, शिंगाडा चालेल. उपासाचा डबा उघडा, त्यातली पिठं मुळातच बिनगव्हाची. आणि केकबरोबर तिखटमिठाचं काही करणार असाल तर हिंगाची डबी उलटून वाचा, पुष्कळ हिंगांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

केकला पिवळा रंग यावा म्हणून मी हळद घातली. कापल्यावर आत लाल ठिपके. हळदीत भेसळ असेल का?
— ऑफिसला डबा नेणारा एक मुलगा, परळ

भेसळ नाही रे बाळा, सोडा नीट मिसळला नाहीस. हळदीला सोडा किंवा चुना लागला की ती लाल होते. हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून कुंकू करतात ते याच गुणावर. तुझ्या केकमध्ये जिथे सोड्याची गुठळी राहिली तिथे कुंकू झालं. सोडा चाळून घे, म्हणजे निदान ठिपके जातील. पण पिवळ्या-केशरीसाठी हळद हवीच कशाला? लाल भोपळा, गाजर, हापूसचा रस यांचा रंग तेलात उतरणारा आणि आगीला न घाबरणारा आहे. आईनं केलेले घारगे आठव. उकळत्या तेलातून निघाले तरी भोपळ्याचा रंग गेला का? ओव्हनमध्ये घालायचा नैसर्गिक रंग म्हणून मी तरी भोपळ्याला पहिला नंबर देईन. वाफवलेला गर 150 ग्रॅम घेतलास तर वरच्या कृतीत बिटाच्या जागी चालतो, फक्त नारळाचं दूध थोडं कमी घाल.

सोसायटीच्या भिंतीवर निळी गोकर्ण भरभरून फुलते. तिचा निळा केक होईल का?
— एक वाचक, मुलुंड

केकपेक्षा वरची जेली करा. दहा-बारा फुलं गरम पाण्यात टाकलीत की शाईसारखा निळा उतरतो. त्यात लिंबू पिळलंत की डोळ्यांदेखत जांभळा, आणि मुलांना दाखवायला ही जादू फार छान. सोड्यात मात्र तो हिरवट होतो, म्हणून केकच्या पिठात त्याचा भरवसा नाही. जेलीला चायना ग्रास घ्या, ते समुद्री शेवाळाचं. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून होतं. आणि वेलावर कुणी औषध फवारत नाही ना, हे माळ्याला विचारून घ्या.

परदेशातून आणलेल्या लाल रंगाच्या बाटलीवर ‘नैसर्गिक’ लिहिलंय. व्हीगन समजायचं का?
— एक नवी आई, विलेपार्ले

मागे 120 हा आकडा किंवा ‘कार्माइन’ शब्द दिसतोय का बघा. तो रंग किड्यांपासून काढतात. नैसर्गिक आहे, पण व्हीगन नाही. 162 असेल तर बीट, 100 असेल तर हळद. आपला हिरवा ठिपकाही पुरेसा नाही, त्यात दूध-तूप चालतं. व्हीगनचं वेगळं चिन्ह 2022च्या नियमांनी आलं आहे, हिरव्या ‘व्ही’वर छोटंसं पान. ते शोधा.

गव्हाशिवाय, गूळ घालून केलेला केक यांना चालेल ना? यांना मधुमेह आहे.
— एक वाचक, कांदिवली

नाही हो. गूळ ही साखरच आहे. शिवाय तांदूळ आणि साबुदाणा रक्तातली साखर गव्हापेक्षा कमी चढवतात अशातला भाग नाही. ग्लुटेन नाही म्हणजे पथ्याचा, हे दुकानदाराचं गणित. वाढदिवस असेल तर दोन बोटांएवढा तुकडा द्या, तोही जेवणाबरोबर, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सोडू नका.

हे व्हीगन, ग्लुटेन-फ्री वगैरे साहेबी खूळ आहे. आमच्या आयांनी असले केक कधी केले नाहीत.
— एक आजोबा, लालबाग

आजोबा, तुम्ही कोकणातले असाल तर तुमच्या आईनं नक्की केले आहेत, फक्त नाव वेगळं होतं. बरक्या फणसाचा रस, तांदळाच्या कण्या, गूळ, नारळाचं दूध, वाट्यांत घालून वाफवायचं, ते सांदण. त्यात ना गहू ना दूध, आणि पिवळा रंग फणसाचाच. भाद्रपदात मोठ्या काकड्या पिकल्या की धोंडस. दापोलीजवळच्या आमच्या घरी आई काकडीचा कीस, भाजलेल्या तांदळाच्या कण्या, गूळ आणि ओलं खोबरं शिजवून जाड बुडाच्या पातेल्यात थापत असे. खाली मंद निखारे, झाकणावर निखारे. तिचा ओव्हन तोच. मी धोंडस दादरच्या घरात 180 अंशांवर पन्नास मिनिटं भाजते. कडा तशाच खरपूस होतात, धुराचा वास तेवढा येत नाही. कृती हवी असेल तर भाद्रपदाच्या तोंडावर पत्र टाका, पण काकडी जून आणि पिवळी मिळाली तरच. मंडईतल्या कोवळ्या हिरव्या काकडीचं धोंडस मी दोनदा केलं आणि दोन्ही वेळा चमच्यानं खावं लागलं.