दादा एबी, मी ओ निगेटिव्ह. मग मी तुमची कशी?

नववीत ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ हा धडा झाला की पुढच्या आठ-पंधरा दिवसांत एखादे तरी आईवडील समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येतात. तक्रार थोड्याफार फरकाने तीच असते. ‘मॅडम, पोर विचारतेय, मी नक्की तुमचीच ना? आधी हसण्यावारी नेलं. आता ती जेवत नाही.’ हा प्रश्न इतक्या घरांत उठतो, की त्यातलं एक प्रकरण सविस्तर लिहावं असं वाटलं. मुलीची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला सई म्हणू.

विज्ञानाच्या वहीत सगळ्यांना एक तक्ता करायला सांगितला होता. आई, बाबा, भावंडं आणि आपण. कानाची पाळी चिकटलेली की सुटी, जीभ नळीसारखी वळते का, रक्तगट कोणता. सईच्या घरी बाबा ए पॉझिटिव्ह, आई बी पॉझिटिव्ह, मोठा भाऊ एबी पॉझिटिव्ह आणि सई ओ निगेटिव्ह. तिने स्वतःच्या रकान्याभोवती लाल पेनने इतक्या वेळा गोल काढला होता की कागद फाटायला आला होता. शिवाय आईबाबांची जीभ वळत नव्हती, तिची वळत होती. तिथेही लाल गोल.

बाबांनी आल्या आल्या सांगितलं, ‘एकदाची डीएनए टेस्ट करून टाकू, म्हणजे तिचं समाधान होईल.’ आई काही बोलत नव्हती. तिने पिशवीतून बाळंतपणाची फाइल काढून टेबलावर ठेवली, पुरावा द्यावा तशी.

अशा वेळी मी आधी मुलाला बाहेर बसवते आणि आईवडिलांना सरळ विचारते: दत्तक, दात्याच्या बीजाने झालेलं मूल, आधीचं लग्न, असं काही आहे का? हा प्रश्न अवघड आहे, पण तो विचारल्याशिवाय मी कुठल्याही मुलाला ‘तू यांचंच’ असं छातीठोकपणे सांगत नाही. सईच्या बाबतीत तसं काही नव्हतं. टेस्टला मात्र मी नको म्हटलं. चौदा वर्षांच्या मुलीची लाळ आईबापांनी तपासायला पाठवली, तर त्यातून तिला एकच कळतं, की यांनाही खात्री नव्हती.

सई आत आली तेव्हा मी तक्त्याला हात लावला नाही. ‘असं कधीपासून वाटतं?’ एवढंच विचारलं. धड्याआधीपासून, म्हणाली. घरात दादा गोरा, ही सावळी. चुलत बहिणीच्या लग्नात कुणी पाहुणी म्हणाली, ‘ही कुणावर गेली गं?’ आणि आजी नेहमीसारखी म्हणाली, ‘हिला बोहारणीकडून घेतली, दोन जुन्या साड्यांवर.’ सगळे हसले. सईही हसली. मग शाळेत हा धडा आला आणि वहीत लिहिलेलं निघालं. ‘दादाला दोघांचं मिळालं, ए पण आणि बी पण. मला दोघांचं काहीच नाही.’

या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. तिचा तर्क चुकलेला होता, पण तो तर्क करणारी मुलगी वेडी नव्हती. बोहारणीचा विनोद आपल्याकडे घरोघरी चालतो. गोऱ्या, आईसारख्या दिसणाऱ्या मुलाला तो कुणी करत नाही, ज्याच्याबद्दल ‘कुणावर गेलं’ अशी चर्चा आधीच असते त्यालाच करतात. मूल तो साठवून ठेवतं.

मग आम्ही दोन नाणी घेतली. एक बाबांचं, एक आईचं. बाबांच्या नाण्याचा छापा ए, आईच्या नाण्याचा छापा बी, काटा दोन्हीकडे ओ. रक्तगटाची जनुकं प्रत्येकाकडे दोन असतात; ए आणि ओ एकत्र असतील तर तपासणीत ए दिसतो, ओ झाकलेला राहतो. नाणी तिनेच उडवली, निकाल तिनेच लिहिले. दोन छापे पडले की दादा. दोन काटे पडले की ओ. मग मी विचारलं, ‘यातला ओ कुणाकडून आला?’ ती नाण्यांकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, ‘एक बाबांकडून, एक आईकडून.’ ओ गटाच्या मुलाला दोघांकडूनही ओ मिळावाच लागतो. निगेटिव्हचंही तसंच. दोघं पॉझिटिव्ह असले तरी दोघांकडे एकेक निगेटिव्ह जनुक झाकलेलं असू शकतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येण्याची शक्यता अशा जोडप्यात सोळात एक. विरळ आहे, पण अशक्य मुळीच नाही.

जिभेचा लाल गोल खोडायला याहून कमी वेळ लागला. जीभ वळणं हा एका प्रभावी जनुकाचा गुण आहे, म्हणजे आईबाबांची वळत नसेल तर मुलाची वळणारच नाही, असं १९४० साली स्टर्टेव्हंट या शास्त्रज्ञाने मांडलं आणि ते पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिलं. पण १९५२ साली एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या तेव्हा ७ जोड्यांत एकाची जीभ वळत होती, दुसऱ्याची नाही. जनुकं तीच, जीभ वेगळी. पुढे खुद्द स्टर्टेव्हंटनेही तो दावा सोडून दिला. कानाच्या पाळीचीही गोष्ट अशीच, एका जनुकावर ती ठरत नाही. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलने वाटाण्याची सात लक्षणं नीट पारखून घेतली होती म्हणून त्याचं ३:१ गणित सुटलं. माणसाच्या चेहऱ्याला ते जसंच्या तसं लावलं की घरात अशी भांडणं लागतात.

रंगाबद्दल तिने स्वतःहून विचारलं नाही, मीच काढलं. त्वचेचा रंग पुष्कळ जनुकं मिळून ठरवतात. त्यातल्या एसएलसी२४ए५ या जनुकाचा वाटा मोठा आहे, आणि त्याची उजळपणाकडे नेणारी आणि सावळेपणाकडे नेणारी अशी दोन्ही रूपं भारतात एकाच गावात, एकाच घरात सापडतात. आईबाबा दोघंही निमगोरे, दोघांकडेही एक उजळ आणि एक सावळं रूप असेल, तर एका भावंडाला दोन्ही उजळ आणि दुसऱ्याला दोन्ही सावळी मिळू शकतात. सईने विचारलं, ‘म्हणजे मी आईबाबांमधलंच झाकलेलं उघडं पडलेली?’ मी हो म्हटलं. शास्त्राच्या दृष्टीनेही ते बरोबर होतं.

पुढच्या वेळी मी आजींना बोलावून घेतलं. ‘अहो, गंमत असते ती. आम्हालाही म्हणायचे,’ हे ठरलेलं उत्तर आलंच. मी वाद घातला नाही. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे कागद बाबांनी सोबत आणले होते, त्यावर ओ पॉझिटिव्ह लिहिलं होतं. आजी ओ, म्हणजे बाबांकडचा झाकलेला ओ आजींकडूनच आलेला. सईने ते आजींना स्वतः समजावलं, नाणी मांडून. आजींना जनुकं किती कळली ठाऊक नाही, पण त्यांनी तिचा हात धरला तो सोडला नाही. बोहारीण घरातून गेली. हळद-साय लावण्याचा सल्ला अजून अधूनमधून येतो. त्यावर आता आई बोलते.

आईला मी सांगितलं होतं की फाइल ठेवून द्या आणि जन्माची गोष्ट सांगा: पाऊस होता का, कोण कोण आलं होतं, पहिल्यांदा हातात घेतल्यावर काय वाटलं. ते मुलांना हवं असतं. सई लगेच हसतीखेळती झाली असं नाही. दिवाळीत अमेरिकेतल्या मामेभावाने घरच्या ग्रुपवर आपल्या डीएनए चाचणीचा रंगीत नकाशा टाकला आणि तिने पुन्हा मला गाठलं, ‘माझं काढलं तर?’ त्या चाचण्या आपल्या डीएनएची तुलना कंपनीकडे असलेल्या नमुन्यांशी करून पूर्वज कुठल्या भागातले किती, याचा टक्क्यांत अंदाज देतात. सख्ख्या भावंडांचेही टक्के वेगळे येतात, कारण आईबाबांकडून निम्मं निम्मं मिळतं, पण कुठलं निम्मं ते प्रत्येकाचं निराळं. हे तिला पटलं. तिच्या आवाजात या वेळी भीती नव्हती, उत्सुकता होती.

विज्ञानाच्या बाईंशीही बोलले. त्यांचं म्हणणं खरं होतं: वाटाण्यावर मुलं जांभया देतात, घरच्यांवर शिकवलं की रंगतात. पण वर्गात एखादं मूल दत्तक असतं, एखाद्याचे वडील नसतात, एखाद्याचे असून नसतात. आता त्या फळ्यावर अख्ख्या वर्गाची बिननावाची मोजणी करतात आणि वंशावळीसाठी एक काल्पनिक कुटुंब देतात. रंगत कमी झालेली नाही.

त्याच वर्षी एका दत्तक मुलाचे आईवडील आले होते. त्याला काही सांगितलेलं नव्हतं आणि या धड्यापुरती त्याला सुट्टी द्यावी अशी त्यांची विनंती होती. मी नकार दिला. धडा चुकवता येईल, पण रक्तगट, शेजारपाजार आणि इंटरनेट कुठवर चुकवणार? त्याला काय आणि कसं सांगायचं हे आम्ही तिघांनी मिळून ठरवलं आणि त्यांनी ते सांगितलं. ज्यांच्या घरी हे सांगायचं राहिलं आहे, त्यांनी नववीची वाट बघू नये.

आणि रक्तगट खरोखरच जुळत नसेल, म्हणजे एक पालक एबी आणि मूल ओ असं काही निघालं, तर आधी सगळ्यांचे गट रक्तपेढीत पुन्हा तपासून घ्या. जुन्या कार्डांवर आणि परवान्यांवर चुकीचे गट सर्रास असतात. मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगटही आहे: त्यात ए किंवा बी जनुक असूनही साध्या तपासणीत ओ दिसतो, आणि अशा पालकाचं मूल ए किंवा बी निघू शकतं. हे रक्तपेढीतले डॉक्टर नीट सांगतील. तोवर नवरा-बायकोंनी एकमेकांकडे संशयाने बघू नये, आणि मुलासमोर त्यावर एक शब्दही काढू नये.