फ्रान्समधला शेननसो किल्ला 'बायकांचा किल्ला' का म्हणवतो?

कारण तो बांधला, वाढवला आणि वाचवला बायकांनीच. किल्ल्याचा मालक तोमा बोइए राजाच्या कामासाठी बाहेर असायचा, तेव्हा बांधकामावर देखरेख केली त्याच्या बायकोने, कातरीनने. पुढे कर्जापायी 1535 मध्ये किल्ला राजाकडे गेला. दुसऱ्या हेन्रीने तो दियान द प्वातिए या आपल्या प्रेयसीला दिला. तिने शेर नदीवर पूल बांधला. 1559 मध्ये राजा वारला आणि राणी कॅथरीन द मेदिचीने तिला शोमों किल्ला घ्यायला लावून शेननसो काढून घेतला. सवतीच्याच पुलावर तिने 60 मीटर लांब दालन उभारलं! आजही त्याच्या खिडकीतून खाली पाहिलं की कमानींखालून नदी वाहताना दिसते. राज्यक्रांतीत तो वाचला, तो मालकीण लुईज द्युपँ यांच्यामुळे. मला त्या सगळ्यांत मोठ्या वाटतात.