लाच खाल्ली की घेतली? आणि मुळात ती लाच होती का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत २०१७ साली उघडकीला आलेल्या कॉलेज बास्केटबॉल प्रकरणाबद्दल (खेळाडूंच्या घरच्यांना आणि प्रशिक्षकांना गुपचूप पैसे दिले गेले) लिहिताना खेळाडूच्या वडिलांनी लाच ‘घेतली’ म्हणावे की ‘खाल्ली’? विचारणाऱ्याला ‘खाल्ली’ गावठी वाटते.

आधी एक कटकट मिटवू. ‘लाच घेतो तो लाचार’ हे वाक्य भाषणांत आणि निरोपांत इतक्यांदा कानी येते की ते खरेच मानले जाऊ लागले आहे. लाचारचा लाचेशी काडीचाही संबंध नाही. अरबी ‘ला’ म्हणजे नाही, फारसी ‘चारा’ म्हणजे उपाय. ज्याच्यापुढे उपाय नाही तो लाचार. बिचारा याचाच सख्खा भाऊ, बे-चारा.

आता ‘खाल्ली’. पालीत ‘लंच’ म्हणजे लाच (काही पोथ्यांत ‘लंज’), आणि ती घेणारा ‘लंचखादक’. घेणारा नव्हे, खादक! किंछंद जातकात एक पुरोहित आहे. लाच खातो, खोटे निवाडे देतो, माणसांच्या पाठीमागे त्यांची निंदा करतो. पाली ‘पाठीमागे बोलणे’ म्हणत नाही, ‘पाठीचे मांस खाणे’ म्हणते. म्हणून मेल्यावर तो दिवसभर स्वतःच्याच पाठीचे मांस ओरबाडून खात बसतो. हे वाचल्यावर ‘लाच स्वीकारली’ असले सरकारी पत्रकातले मराठी लिहायला हात धजावत नाही. गावठी म्हणता ते क्रियापद निदान दीड हजार वर्षांचे आहे.

संस्कृत कोशांत ‘लञ्चा’ आहे. पञ्चचे पाच झाले, मञ्चकाचा माचा झाला, तशी लञ्चाची लांच झाली. १९६२ च्या नियमांनी न उच्चारला जाणारा अनुस्वार काढला आणि आपली लाच उरली; गुजरातीने ‘लांच’ जपली. कन्नडमध्ये ‘लंच’, तेलुगूत ‘लंचम’ दिसते म्हणून हा शब्द दक्षिणेकडून वर आला असे काही विद्वान ठासून सांगतात. त्यांनी तमिळकडे एकदा पाहावे. अस्सल तमिळ शब्द ल-ने सुरू होत नाही, म्हणून तिथे पुढे इ लावून ‘इलंजम्’ करावे लागले. घरच्या माणसाला दारात असे अडवून कोणी आत घेत नाही.

‘लुचपत’बद्दल माझे मत कोणी विचारलेले नाही, तरी देतो. तिचे नाते लुच्च्याशी जोडतात. मला ते लुचण्याशी दिसते. वासरू लुचते तेव्हा एका दमात सगळे दूध ओढत नाही. थोडे पिते, कासेला ढुशी देते, पान्हा फुटला की पुन्हा पिते. लाच एकरकमी असू शकते. लुचपत म्हणजे ढुशी देत, हप्त्याहप्त्याने. ऑबर्न विद्यापीठाचा सहायक प्रशिक्षक चक पर्सन याने काही महिन्यांत मिळून ९१,५०० डॉलर घेतले. त्याच्या बदल्यात आपल्या खेळाडूंना एका ठरावीक आर्थिक सल्लागाराच्या आणि एका सूट शिवणाऱ्याच्या दारी न्यायचे. सल्लागार सरकारचा खबऱ्या निघाला. याला लुचपत म्हणायचे. (पर्सनला तुरुंग झाला नाही, दोनशे तास समाजसेवा.)

खेळाडूच्या वडिलांकडे आता येतो, कारण वृत्तांची खरी चूक तिथे आहे. लाचेला तीन माणसे लागतात: देणारा, खाणारा आणि खाणाऱ्याचा धनी, ज्याचा विश्वास विकला जातो. सहायक प्रशिक्षकांचा धनी विद्यापीठ. म्हणून अमेरिकी सरकारी वकिलांनी त्यांना लाचेचे कलम लावले. वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक केंद्रीय मदत घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला ते लागू होते, त्यामुळे सदर्न कॅलिफोर्नियासारख्या खासगी विद्यापीठाचा माणूसही सुटला नाही. ‘लाच फक्त सरकारी नोकराची’ म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

वडिलांना धनी कोण? कोणी नाही. मुलाने लुईव्हिल विद्यापीठात खेळावे म्हणून घराला एक लाख डॉलर, हप्त्यांनी, असे ठरले. विद्यापीठ आदिदासचे बूट घालणारे. मुलगा पुढे व्यावसायिक झाला की त्यानेही तेच घालावे हा हिशेब. कॉलेजच्या खेळाडूने असे पैसे घेणे तेव्हा खेळाच्या नियमांत बसत नव्हते, म्हणून शाळकरी मुलांच्या हौशी संघांच्या खर्चाची खोटी बिले करून कंपनीतून काढायचे. कंपनीचा जेम्स गॅटो, मर्ल कोड आणि मध्यस्थ ख्रिश्चन डॉकिन्स यांना ऑक्टोबर २०१८ मध्ये दोषी ठरवले, पण या पैशांसाठी लाचेचे कलम नव्हतेच. कलम फसवणुकीचे: पैसे घेतलेला खेळाडू नियमाने अपात्र, ते लपवून विद्यापीठाकडून शिष्यवृत्ती काढली. म्हणजे कायद्याच्या लेखी ज्याच्या संघात चांगला खेळाडू येणार होता तो फसलेला! बचाव पक्षाला हे पचले नाही. अपील कोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये शिक्षा कायम ठेवल्या.

तर वडिलांनी घेतले त्याला मराठीत नेमका शब्द आहे: उचल. ऊसतोडीचा मुकादम हंगामाआधी जोडप्याच्या हातावर ठेवतो ती. घेतली की कारखाना ठरला. फरक एवढाच की उसाची उचल मजुरीतून फिटते, ही सहीने फिटायची, आधी प्रवेशाच्या कागदावर आणि पुढे बुटांच्या करारावर. डॉकिन्सला ‘एजंट’ लिहिता, मुकादम लिहा. खेळाडूच्या घरचा, विद्यापीठाचा आणि कंपनीचा पत्ता ज्याला एकट्याला ठाऊक तो मुकादमच.

म्हणून: प्रशिक्षकांनी लाच खाल्ली, वडिलांनी उचल घेतली. ‘भ्रष्टाचार’ मथळ्यापुरता ठेवा. तो शब्द इतका ऐसपैस आहे की आत कोण बसलेय ते दिसत नाही.

आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव नि चेहरा वापरू देण्याचे पैसे उघड घेता येतात, २०२५ पासून विद्यापीठेही थेट देऊ लागली आहेत. त्याला ‘मानधन’ लिहू नका. मानधन शालीखालच्या पाकिटातून वक्त्याला मिळते. मोबदला लिहा, बदल्यात दिलेले ते.