खाऱ्या पाण्यात भिजलेले उपकरण आधी धुवा, मग वाळवा

आपला कॅमेरा आणि वॉकी-टॉकी होडीतून समुद्रात पडले, लगेच बाहेर काढून पुसून दोन दिवस तांदळात ठेवले आणि आता ते कोरडे दिसतात, म्हणून चार्जिंगला लावून पाहावे का, असे आपण विचारले आहे. कृपया लावू नका. आत पाणी उरले नसले तरी मीठ तसेच आहे, आणि नुकसान मुख्यतः तेच करते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि पिण्याच्या पाण्याच्या तुलनेत ते शंभर पटीहून अधिक सहज वीज वाहून नेते. पाणी उडून गेले की हे क्षार आतल्या सर्किट बोर्डावर, चिपच्या खाली आणि कनेक्टरच्या पिनांमध्ये थरासारखे बसतात. दमट हवेत मिठाला पाणी सुटते तसेच यांनाही सुटते. साधे मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला विरघळू लागते, परंतु समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते सुमारे ३३ टक्क्यांनाच ओलावा धरते. त्यामुळे वाळलेले वाटणारे उपकरण प्रत्यक्षात पुन्हा पुन्हा ओले होत राहते. त्यात बॅटरी जोडलेली असेल तर धन बाजूचे तांबे विरघळून ऋण बाजूकडे सरकते आणि बोर्डावरील बारीक रेषा काही तासांतही तुटू शकतात. तांदूळ मीठ शोषत नाही, उलट त्याची पूड कनेक्टरमध्ये शिरते.

सर्वप्रथम बॅटरी काढा. खाऱ्या पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी कितीही चांगली दिसली तरी पुन्हा वापरण्याच्या लायकीची राहत नाही, कारण आतील गंजामुळे ती पुढे अचानक शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते. ती घट्ट डब्यात न ठेवता मोकळ्या जागी, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्या. मेमरी कार्डही आताच काढून गोड्या पाण्यात धुऊन वाळवा. त्यातील चिप प्लास्टिकमध्ये बंद असल्यामुळे छायाचित्रे बहुतेकदा वाचतात. कॅमेऱ्यात फ्लॅश असेल तर कॅमेरा स्वतः उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपासचा दाब बॅटरी काढल्यावरही टिकून राहतो, त्यामुळे हे काम जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडेच सोपवावे. वॉकी-टॉकीत तो धोका नाही, म्हणून पुढील पद्धत त्याच्यासाठी सांगतो.

संच शक्य तितका सुटा करा, प्रत्येक टप्प्यावर स्क्रू आणि रिबन केबलच्या जागांचे फोटो काढा, आणि स्पीकर, मायक्रोफोन व डिस्प्ले वेगळे करा. उरलेला बोर्ड भरपूर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा व पाणी अनेकदा बदला. इलेक्ट्रॉनिक वस्तू मुद्दाम पाण्यात घालायला मन धजत नाही हे मी समजू शकतो, तथापि वीज तोडलेल्या बोर्डाला गोड्या पाण्याने फारशी इजा होत नाही आणि सुकलेले मीठ पाण्याशिवाय निघत नाही. वस्तू नुकतीच पडली असती तर तिला वाळू न देता गोड्या पाण्यातच ठेवून दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या, असा सल्ला मी दिला असता, कारण या कामात पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात. यानंतर मऊ ब्रशने, विशेषतः धातूच्या झाकणांखाली आणि कनेक्टरमध्ये, हलक्या हाताने घासा. तांब्याच्या गंजाचा हिरवट थर पाण्यात विरघळत नाही. तेथे पातळ व्हिनेगर लावून घासावे आणि लगेच पुन्हा भरपूर धुवावे. नळाच्या पाण्यातही थोडे क्षार असतात, म्हणून शेवटची धुणी डिस्टिल्ड पाण्याची असावी, आणि त्यानंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने खळबळून घ्यावे, म्हणजे फटींतील पाणी त्याबरोबर निघून जाते. अल्कोहोल पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ ज्योत किंवा ठिणगी नको.

वाळवण्यासाठी पंख्याची हवा आणि ४० ते ५० अंश सेल्सियसची ऊब दोन दिवस पुरेशी होते. हेअर ड्रायरची कडक हवा टाळा, तिने प्लास्टिक वाकते आणि ओलावा आणखी आत ढकलला जातो.

वीज देण्यापूर्वी संचात बॅटरी जिथे जोडली जाते त्या दोन टोकांमधील रोध मल्टीमीटरने (वीज मोजण्याच्या उपकरणाने) तपासा. तो शून्याच्या जवळ असेल तर शॉर्ट अजून शिल्लक आहे, पुन्हा धुवावे लागेल. रोध ठीक असेल तर पहिल्यांदा बॅटरीऐवजी विद्युतप्रवाहाला मर्यादा घालता येणाऱ्या पॉवर सप्लायवर संच सुरू करा, म्हणजे दोष राहिला असला तरी बोर्ड जळणार नाही.

कॅमेऱ्याबाबत मी फार आशा देणार नाही, कारण लेन्सच्या आतील यंत्रणा आणि काचांमधले क्षार पूर्ण निघणे अवघड असते. वॉकी-टॉकी वाचण्याची शक्यता बरी आहे, मात्र तो सुरू झाला तरी होडीवर त्याच्या भरवशावर जाऊ नका. चिपखाली उरलेला गंज काही महिन्यांनीही संच बंद पाडू शकतो, आणि होडीवर मदत मागण्याचे साधन नवीनच असले पाहिजे.