बारावीला 64 टक्के असतील तर इंजिनिअरिंगसाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळते का?

निफाडकडे वडिलांची तीन एकर द्राक्षबाग, तुला नाशिकला इंजिनिअरिंग घ्यायचंय, आणि शिष्यवृत्ती फक्त हुशार मुलांनाच मिळते असं कुणीतरी सांगितलंय. मोठ्या बहिणीच्या नात्याने अरेतुरे करते, चालेल ना?

ते खरं नाही गं. फी माफीसाठी तुझे टक्के नाही, तर तू प्रवेश कुठून घेतलास ते आधी बघतात. सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा देऊन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, घेतलेला प्रवेश चालतो. मॅनेजमेंट कोटा किंवा कॉलेज पातळीवरची सीट घेतलीस की दार बंद. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यात बसत नाहीत. आमच्या गावातल्या एका मुलीने एजंटच्या 'सीट पक्की' वर विश्वास ठेवला आणि चारही वर्षं तिच्या वडिलांनी पूर्ण फी भरली. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

मी 2018 ला प्रवेश घेतला तेव्हा राजर्षी शाहू महाराज योजनेत निम्मी ट्यूशन फी मिळायची. जुलै 2024 च्या शासन निर्णयापासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. तू यातल्या कुठल्या प्रवर्गात येतेस ते आधी बघ आणि तो दाखला काढ. डेव्हलपमेंट फी मात्र भरावीच लागते, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

आता उत्पन्नाचा दाखला. तहसीलदारांचाच लागतो, आणि त्याआधी तलाठी भाऊसाहेबांचा अहवाल. निकाल लागला की सेतूत उभं राहायला जागा नसते, म्हणून आत्ताच काढ. सातबारा, रेशनकार्ड आणि आधार समोर ठेवून वडिलांचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघ. आमच्याकडे एका कागदावर 'ज्ञानेश्वर' आणि दुसऱ्यावर 'ज्ञानदेव' होतं. तेवढ्यासाठी पप्पांच्या तीन खेपा झाल्या, त्याही ऐन छाटणीत.

माझे सगळ्यात जास्त दिवस गेले ते बँक खात्यात. महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल, त्याचे पैसे तू दिलेल्या खाते नंबरवर येत नाहीत, आधारला जे खातं सीड म्हणजे जोडलेलं आहे त्यात येतात. मी नाशिकला नवीन खातं उघडून निवांत बसले होते, आणि आधार शाळेतल्या जुन्या झिरो बॅलन्स खात्याला जोडलेलं. ते कधीच बंद पडलं होतं. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, आज रात्रीच बघ.

राहण्याचं म्हणशील तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा फॉर्मही महाडीबीटीवरच भर. तीन एकर म्हणजे दोन हेक्टरच्या आत, त्यामुळे वडिलांचा अल्पभूधारक दाखला निघेल. कॉलेज रोडला कॉट बेसिसवर राहताना त्या पैशांचा मला फार आधार झाला. माझी रूममेट सुरगाण्याची, तिला आदिवासी विकास विभागाच्या स्वयम योजनेतून मिळायचे. तुझ्या ओळखीत कुणी आदिवासी मुलगी असेल तर तिला हे नक्की सांग.

टक्के लागतात ते केंद्राच्या शिष्यवृत्तीला. तिथे बोर्डात वरच्या 20 टक्क्यांत यावं लागतं आणि पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला 12,000 मिळतात. फी माफी घेतली की ती घेता येत नाही, त्यामुळे तिचं वाईट वाटून घेऊ नकोस.

फॉर्म भरला की कॉलेजच्या शिष्यवृत्ती क्लार्ककडे कागद देऊन मोकळी होऊ नकोस. माझा अर्ज एका पुसट स्कॅनमुळे 'सेंट बॅक', म्हणजे दुरुस्तीसाठी परत, होऊन दीड महिना पडून होता, कुणी कळवलंही नाही. दर आठवड्याला स्वतः लॉगिन करून बघत जा. पुढच्या वर्षी रिन्यूअलचा अर्जही तुलाच भरायचाय, आपोआप काही होत नाही.